बी.एस्सी. आणि इंजिनिअरिंग पहिल्या वर्षाचं कॅल्क्युलसवालं फिजिक्स: पोट्टे नेहमी विचारतात ते प्रश्न

मी एम.एस्सी. फिजिक्स केलं, आता दिवसा वावर आणि संध्याकाळी गावातल्या पोट्ट्यापोट्ट्यांचं ट्यूशन. दरवर्षी पऱ्हाटीला डवरे सुरू झाले की कॉलेजही सुरू होते आणि मग व्हॉट्सअपवर तेच तेच प्रश्न येतात, अर्धे व्हॉइस नोटवर आणि मागून ट्रॅक्टरचा आवाज. म्हणून एकदाचं लिहून टाकतो. प्रश्न जसे आले तसेच ठेवलेत, भाषा सुधारली नाही.

सर, बारावीपर्यंत फिजिक्स केलंच होतं ना, मग हे कॅल्क्युलसवालं वेगळं काय आहे?

बारावीपर्यंत जी सूत्रं पाठ केली त्यातली बरीचशी एका अटीवर उभी आहेत, ती अट म्हणजे "काहीतरी सारखंच राहते". व्ही बरोबर यू अधिक एटी (शेवटचा वेग बरोबर सुरुवातीचा वेग अधिक त्वरण गुणिले वेळ), हे चालते कधी, तर त्वरण बदलत नसेल तेव्हा. वर्क बरोबर फोर्स गुणिले अंतर, कधी, तर फोर्स बदलत नसेल तेव्हा. खऱ्या दुनियेत सारखं राहते ते काय बाप्पा? काहीच नाही.

विहिरीतून बकेट काढायचं घ्या. पाण्यासकट बकेट १० किलो, विहीर २० मीटर, दोर जाडजूड, एका मीटरला पाव किलो. म्हणजे खाली असताना तुम्ही बकेटीसोबत ५ किलोचा दोरही उचलत असता, आणि बकेट जसजशी वर येते तसतसा दोर हातात गोळा होतो, लटकलेला दोर कमी होतो, म्हणजे लागणारा जोर प्रत्येक इंचाला बदलतो. आता फोर्स गुणिले अंतर कराल तर कोणता फोर्स घ्याल, खालचा की वरचा? इथंच इंटिग्रेशन लागते, म्हणजे बारीक बारीक तुकडे करून त्यांची बेरीज. वाय मीटर दोर लटकलेला असताना फोर्स आहे १० अधिक ०.२५ वाय, सगळ्याला गुणिले ९.८ (हाच जी, पृथ्वीच्या ओढीचं त्वरण). हे शून्यापासून २० पर्यंत इंटिग्रेट करा. बकेटीचे १९६० ज्यूल, दोराचे ४९०, एकूण २४५०. दोराचे ४९० म्हणजे ५ किलो वजन १० मीटर उचलल्यासारखं, म्हणजे दोराच्या मधल्या बिंदूपर्यंतची उंची. हे दिसलं की पुढं सेंटर ऑफ मासचा धडा अर्धा झाला समजा.

बस, एवढाच फरक आहे. जे सारखं आहे त्याला गुणाकार, जे बदलते त्याला इंटिग्रेशन.

डेरिव्हेटिव्ह काढता येते, पण त्याचा अर्थच समजत नाही, काऊन?

कारण सूत्र आधी शिकवलं आणि शंकरपट नंतर. (शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, कोर्टाच्या भानगडीत बरेच वर्ष बंद होता, २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं शर्यतीला परवानगी देणारा कायदा कायम ठेवला, आता परत भरते.) समजा एक जोडी सुटल्यावर पहिल्या काही सेकंदांत तिचं अंतर एक्स बरोबर १.५ टी वर्ग असं जाते. ३ सेकंदाला जोडी १३.५ मीटरवर. मला विचारलं की बरोब्बर तिसऱ्या सेकंदाला वेग किती, तर एका क्षणात तर बैल हलतच नाही, मग वेग कसला? म्हणून थोडा वेळ घेतो. ३ ते ३.१ सेकंदात जोडी १३.५ वरून १४.४१५ वर गेली, म्हणजे ९.१५ मीटर प्रति सेकंद. ३ ते ३.०१ घेतलं तर ९.०१५. अजून कमी घेतलं तर ९.००१५. दिसतंय ना कुठं चाललंय ते, ९ वर. हा ९ म्हणजे डेरिव्हेटिव्ह, आणि ३२ किमी प्रति तास हा त्या क्षणाचा वेग. नियमानं काढा, ३ टी, टी ला ३ ठेवा, ९ च येते. नियम पाठ करायच्या आधी हा हिशोब एकदा हातानं करा, कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटं लागतात.

डीएक्स म्हणजे शून्य की नाही?

गणिताच्या सरांना विचाराल तर ते लिमिटची व्याख्या सांगतील आणि ती बरोबरच आहे. फिजिक्सवाला म्हणतो, डीएक्स म्हणजे इतका बारीक तुकडा की त्याच्या आत काही बदललं नाही असं धरता येते. दोराचा बोटभर तुकडा, टाकीतल्या पाण्याची पातळ चकती. लायब्नित्झ या जर्मन गणितज्ञानं १६८४ मध्ये हे डी वालं लिखाण छापलं, न्यूटनचं पुस्तक १६८७ मध्ये आलं, आणि कॅल्क्युलस पहिलं कोणी काढलं यावरून दोघांच्या माणसांनी जे भांडण केलं ते आपल्याकडच्या धुऱ्याच्या भांडणापेक्षा काही कमी नव्हतं. पण आज आपण चिन्ह लायब्नित्झचं वापरतो आणि नियम न्यूटनचे, दोघांचंही राहिलं.

माझं बारावीला बायो होतं, मॅथ नव्हतं. जमेल का?

जमते, पण पहिले दोन महिने झोप कमी होईल. सगळं कॅल्क्युलस लागत नाही. घातांकाचा डेरिव्हेटिव्ह, साइन-कोसाइन, ई चा घात, लॉग, चेन रूल, आणि यांचंच उलटं म्हणजे इंटिग्रेशन, एवढ्यावर पहिल्या सेमिस्टरचं मेकॅनिक्स निघते. त्याच्यापेक्षा जास्त पोट्टे अडकतात ते व्हेक्टर आणि त्रिकोणमितीत, उतारावर एम जी (म्हणजे वजन) चे दोन तुकडे करताना साइन कुठं आणि कोसाइन कुठं, यात. त्याला एक गावठी युक्ती: उतार शून्य करून पाहा. जमीन सपाट असेल तर घसरवणारा जोर शून्य व्हायला पाहिजे, आणि शून्य अंशाला शून्य होते ते साइन. झालं. पाठ करायची गरज नाही.

बैल बंडीला ओढते आणि बंडी बैलाला तेवढ्याच जोरानं मागं ओढते, मग बंडी पुढं जातेच कशी? न्यूटनचा तिसरा नियम चुकला का?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे आणि दरवर्षी कोणी ना कोणी विचारतेच. नियम चुकला नाही, तुम्ही दोन वेगळ्या जणांच्या खात्यातले पैसे एकत्र मोजले. बंडी पुढं जाते की नाही हे ठरवायचं तर फक्त बंडीवर लागणारे जोर मोजा. बैलाची ओढ पुढं, चाकाला जमिनीचा आणि आसाचा विरोध मागं. ओढ जास्त तर बंडी चालली. बंडी बैलाला मागं ओढते तो जोर बैलाच्या खात्यात, बंडीच्या नाही.

आता बैलाचं खातं उघडा. बंडीनं त्याला मागं ओढलं, मग तो पुढं कसा जातो? तो खुरानं जमीन मागं ढकलतो, जमीन त्याला पुढं ढकलते. म्हणजे खरं पाहिलं तर बैलाला पुढं नेणारी जमीन आहे. पटत नसेल तर आषाढातल्या काळ्या मातीच्या चिखलात भरलेली बंडी फसलेली आठवा, बैल तोच, ताकद तीच, पण खूर घसरते, जमीन धक्का देत नाही, बंडी जागची हलत नाही. आणि दोघांना मिळून एकच वस्तू धरली तर मधली ओढाताण हिशोबातूनच गेली, उरतं फक्त जमिनीचं देणंघेणं.

म्हणून पेपरात कोणताही मेकॅनिक्सचा प्रश्न आला की आधी कोणाचं खातं उघडतोय ते ठरवा, त्याचं वेगळं चित्र काढा, त्यालाच फ्री बॉडी डायग्राम म्हणतात. चित्र न काढता सुटलेलं गणित मी आजवर फार कमी पाहिलं, आणि जे सुटलं ते बहुतेक बाजूच्याचं पाहून.

घर्षण म्हणजे म्यू गुणिले एन, बरोबर ना?

अर्धंच बरोबर. (म्यू म्हणजे घर्षणाचा गुणांक, एन म्हणजे जमीन वस्तूला वर ढकलते तो जोर.) वस्तू थांबलेली असताना घर्षण गरजेपुरतंच असते, म्यू एन ही फक्त त्याची वरची मर्यादा. क्विंटलभर सोयाबीनच्या पोत्याला एका बोटानं ढकललं तर घर्षण बोटाएवढंच लागते. ते म्यू एन एवढं असतं तर पोतं उलट्या दिशेनं तुमच्या अंगावर आलं नसतं का!

गॅलिलिओ म्हणते सगळं सारखंच खाली पडते, मग खळ्यात उफणताना दाणा जवळ आणि भुसा दूर काऊन पडते?

मस्त. गॅलिलिओचं बोलणं हवा नसतानाचं आहे, आणि खळ्यात तर आपण मुद्दाम वारा पाहून उभे राहतो. हवेचा विरोध वेगासोबत वाढतो. वस्तू पडायला लागली, वेग वाढला, विरोध वाढला, आणि एक वेळ अशी येते की विरोध आणि वजन बरोबरीत येतात, त्याच्यापुढं वेग वाढतच नाही. त्याला टर्मिनल व्हेलॉसिटी म्हणतात. भुसा हलका आणि पसरट, त्याची बरोबरी लगेच होते, तो सावकाश उतरतो आणि तेवढ्या वेळात वारा त्याला दूर नेतो. दाणा आकाराच्या मानानं जड, तो सरळ खाली येतो. आपल्या आज्या-आजोबांनी हे डिफरेन्शियल इक्वेशन सुपात धरून सोडवलं.

आणि हवेचा हा विरोध नसता तर काय झालं असतं तेही बघा. पावसाचा थेंब १ किमीवरून पडला तर खाली येईपर्यंत वेग दोन गुणिले ९.८ गुणिले १००० चं वर्गमूळ, म्हणजे १४० मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी ५०० किमी. मृगाचा पहिलाच पाऊस आणि वावरात काहीच शिल्लक नाही. खरा मोठा थेंब ९ मीटर प्रति सेकंदाच्या आसपास येतो. गारेचं वेगळं, ती मोठी आणि जड असते, तिचा टर्मिनल वेगच जास्त, म्हणून संत्र्याच्या बगीच्याचं काय होते ते वेगळं सांगायला नको.

डिफरेन्शियल इक्वेशन पाहूनच घाम येते. सोपं एखादं उदाहरण द्या ना.

घराच्या स्लॅबवरची टाकी. तळाला एक भोक पडलं समजा. पाणी बाहेर यायचा वेग किती, तर दोन जी एच चं वर्गमूळ (एच म्हणजे भोकाच्या वर पाण्याची उंची), हे टॉरिसेलीनं सतराव्या शतकात सांगितलं. म्हणजे पाणी जास्त तर धार जोरात, पाणी कमी तर धार मंद. पातळी कमी व्हायचा दर उरलेल्या पातळीच्या वर्गमुळावर अवलंबून, हेच ते डिफरेन्शियल इक्वेशन. दुसरं काही नाही. "किती वेगानं बदलते" हे "आत्ता किती आहे" यावरून ठरते.

सोडवलं की एक गंमत निघते. सरळ भिंतीची टाकी पूर्ण रिकामी व्हायला १०० मिनिटं लागत असतील तर अर्धी व्हायला ५० नाही, फक्त २९ मिनिटं लागतात, आणि उरलेल्या अर्ध्याला ७१. अंदाजानं कोणीच २९ सांगत नाही. मीही पहिल्यांदा ५० च म्हणालो होतो आणि घरच्या टाकीला काठीवर खुणा करून पाहिल्यावर गप झालो, आईनं मात्र पाणी वाया घालवल्याबद्दल जे ऐकवलं ते वेगळं.

युनिटवर इतका जोर काऊन देता? उत्तर आलं ना बरोबर!

युनिट नाही तर ते उत्तर नाही, नुसता आकडा आहे. आपल्याकडं माल क्विंटलमध्ये, जमीन एकरात, विहीर फुटात, मोटर एचपीत, पाऊस मिलिमीटरमध्ये. हे सगळं मीटर-किलो-सेकंदात आणल्याशिवाय एकमेकांशी बोलतच नाही. करून दाखवतो.

५ एचपीची मोटर, एक एचपी ७४६ वॅट, म्हणजे ३७३० वॅट. पंप आणि पाइपात काही वाया जाते, समजा ६० टक्के हाती लागलं, म्हणजे २२३८. पाणी २० मीटर वर चढवायचं, एका लिटरला ९.८ गुणिले २० म्हणजे १९६ ज्यूल. भागा, सेकंदाला ११.४ लिटर, तासाला ४१ हजार लिटर. आता एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर, त्यावर १० मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी ४० हजार लिटरच्या वर. म्हणजे ओलिताची मोटर तासभर चालली तर एका एकरावर १० मिलिमीटरचा एक पाऊस झाला. हे गणित मी वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले मग रात्री लाइन येते तेव्हा जाग तू. मुद्दा बरोबर होता.

आणि मराठीत आणखी एक अडचण आहे, आपण फोर्स, एनर्जी, पॉवर तिन्हीला "जोर" म्हणतो. मोटरीचा जोर, बैलाचा जोर, धारेचा जोर. पुस्तकात फोर्स म्हणजे बल, एनर्जी म्हणजे ऊर्जा, पॉवर म्हणजे शक्ती, तिघांची युनिटं वेगळी, न्यूटन, ज्यूल, वॅट. घरी जोर म्हणा, पेपरात नको.

प्रॅक्टिकलमध्ये एरर काढायला लावतात, तो कशाला?

विहिरीत दगड टाका, मोबाइलच्या स्टॉपवॉचवर २ सेकंद आले. खोली अर्धा जी टी वर्ग, १९.६ मीटर, ६४ फूट. छान. पण तुमचं बोट ०.२ सेकंद इकडंतिकडं झालं असेल तर? डेरिव्हेटिव्ह लावा, खोलीतली चूक म्हणजे जी गुणिले टी गुणिले वेळेतली चूक, ९.८ गुणिले २ गुणिले ०.२, जवळपास ४ मीटर. म्हणजे १३ फूट! वेळेत १० टक्के चूक झाली तर खोलीत २० टक्के, कारण टी चा वर्ग आहे. शिवाय दगड आपटल्याचा आवाज वर यायलाही ०.०६ सेकंद लागतात, त्याचा अजून एक मीटर. आता सांगा, वहीत "१९.६०० मीटर" असं तीन दशांश लिहिणारा पोट्टा खोटं बोलतो की नाही?

कॅल्क्युलेटरवर उत्तर भलतंच येते.

डिग्री मोडवर असेल. साइनचा डेरिव्हेटिव्ह कोसाइन येतो तो फक्त रेडियनमध्ये (कोन मोजायचं दुसरं माप). दोलन, लाटा, फिरणं, हे सुरू झालं की रेडियन, उतार आणि प्रोजेक्टाइलला डिग्री. परीक्षेच्या आधी तपासा.

गाडीचा ब्रेक, टक्कर असं आलं की एनर्जी लावू की मोमेंटम?

किती अंतरात थांबली असं विचारलं तर एनर्जी, किती वेळात थांबली असं विचारलं तर मोमेंटम (वस्तुमान गुणिले वेग). टक्कर असेल तर मोमेंटम आधी, कारण एनर्जी पत्रा वाकवण्यात, आवाजात, गरम होण्यात जाते. येष्टी ताशी ६० नं चालली, ब्रेकनं ४ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढा वेग कमी होतो असं धरा, तर जवळपास ३५ मीटरमध्ये थांबेल. ८० नं असेल तर ६२ मीटर. वेग फक्त वीसनं वाढला पण अंतर पावणेदोन पटीच्या वर, कारण वेगाचा वर्ग.

त्या वर्गाचा सगळ्यात मोठा नमुना पाहायचा तर आपल्याच विदर्भात लोणारला जा. उल्का पडून बेसाल्टच्या खडकात पावणेदोन किमीच्या वर रुंद खड्डा झाला. दगड सेकंदाला २० किमीनं आला असं समजा, तर त्याच्या एकेका किलोत २० कोटी ज्यूल. वरची ५ एचपी मोटर १५ तास चालवाल तेव्हा एवढी ऊर्जा होते, आणि हे फक्त एका किलोत. सहल गेली तर फोटो काढून झाल्यावर काठावर बसून हा हिशोब करा.

एसटीत वळणावर बाहेर फेकल्यासारखं होते, पण सर म्हणतात सेंट्रीफ्यूगल फोर्स खोटा आहे?

चिखलदऱ्याच्या घाटात कोणी तुम्हाला बाहेर ढकलत नाही, तुमचं अंग सरळ जायला पाहते आणि गाडी तुमच्याखालून वळते. रस्त्यावर उभ्या माणसाच्या हिशोबात हा फोर्स नाही. गाडीत बसून हिशोब करायचा असेल तर तो धरावा लागतो. दोन्ही चालते, पण एकाच गणितात दोन्ही कराल तर मार्क गेले.

मराठी मीडियमचे आहोत, इंग्रजी पुस्तक वाचताच येत नाही.

पहिल्या महिन्यात एक वही करा, एका बाजूला संवेग, दुसऱ्या बाजूला मोमेंटम. जडत्व, इनर्शिया. त्वरण, ॲक्सिलरेशन. दीडशे शब्दांत वर्ष निघते, फिजिक्सचं इंग्रजी कादंबरीचं नसते, तीच ती वाक्यं परत येतात. समजायचं मराठीत, लिहायचं ज्यात पेपर असेल त्यात. एनपीटीईएल आणि स्वयम् या ऑनलाइन शिकवणीच्या साइटांवर आयआयटीच्या सरांचे व्हिडिओ फुकट आहेत, रात्री रेंज चांगली असते तेव्हा उतरवून घ्या, आणि व्हिडिओ पाहिला म्हणजे अभ्यास झाला असं नाही, तो थांबवून पुढची ओळ स्वतः लिहा.

सीईटीला तर चांगले मार्क होते, इथं बॅक कसा लागला?

सीईटीत चार पर्याय असतात आणि चुकलं तरी मार्क कापत नाहीत. इथं कोरा कागद असते. डेरिव्हेशन पाठ करणाऱ्याला मधली एक ओळ विसरली की पुढचं सगळं जाते. डेरिव्हेशन म्हणजे बकेट आणि दोराचाच हिशोब अक्षरांत, कुठून निघालो, काय धरलं, बारीक तुकडा कोणता घेतला. हे तीन प्रश्न बाजूला लिहून ठेवा.

ट्यूशनमध्ये दिलेलं गळक्या बकेटीचं गणित, उत्तर काय?

बकेट तीच, १० किलो, पण पाणी गळते आणि २० मीटर वर येईपर्यंत बरोबर ५ किलो उरते, गळती सारखी आणि ओढायचा वेगही सारखा. मग सरासरी ७.५ किलो, त्याचे १४७० ज्यूल, दोराचे ४९०, एकूण १९६०. म्हणजे बिनगळक्या बकेटीला बिनवजनाच्या दोरानं काढल्याएवढंच. योगायोग आहे, आकडे मी तसे निवडले. पण गळती सारखी धरणं चूकच आहे, टाकीवाल्या प्रश्नात पाहिलं ना, पाणी कमी झालं की धार मंद होते. ते धरून कोणी केलं तर फोटो पाठवा, पण सरळ उभा काढा, मागच्या वेळी एकानं बैलाच्या गोठ्यात काढला होता, अर्धं गणित शेपटीखाली होतं.